चौथ्या प्रकरणातली अदलाबदल

सोमवारी दुपारी, सेमिनारला तीन दिवस उरले असताना, मला माझ्या प्रबंधातली चूक सापडली. शोधायला गेले नव्हते. स्लाइड्स करत होते आणि चौथ्या प्रकरणातली एक ओळ स्लाइडवर मावत नव्हती, म्हणून ती छोटी करायला घेतली. छोटी करताना प्रत्येक चिन्ह पुन्हा वाचावं लागतं. वाचलं, आणि पुन्हा वाचलं.

ओळ अशी होती, की दोन खेळाडूंपैकी आधी कोण ठरवतो आणि नंतर कोण, याने उत्तरात फरक पडत नाही. क्रमाची अदलाबदल केली तरी चालते. चौथं प्रकरण सगळंच्या सगळं त्या ओळीवर उभं होतं, आणि त्या ओळीला काही आधार नव्हता.

आमचा विषय थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. दोन नावा नदीत समोरासमोर येताहेत. एक माझी. दुसरीचा चालक काय करेल ते मला माहीत नाही. तो चांगला माणूस असेल, पेंगत असेल, फोनवर बोलत असेल. गणिताला यातलं काहीच कळत नाही, म्हणून गणित सरळ असं धरतं की तो मला धडकायलाच निघाला आहे. त्याने वाईटात वाईट जे करायचं ते केलं तरी मी वाचले पाहिजे, तर सुकाणू क्षणोक्षणी कसं धरायचं, ते काढायचं. एकाच नावेचा प्रश्न असेल तर त्याला इष्टतम नियंत्रण म्हणतात. समोर दुसरं डोकं आलं की त्याचा खेळ होतो. आणि नाव काही सरळ नियमाने चालत नाही. सुकाणू दुप्पट फिरवलं म्हणून ती दुप्पट वळत नाही, वेग वाढला की वेगळीच वागते, भरतीला एक आणि ओहोटीला एक. पाठ्यपुस्तकातली सोपी सूत्रं तिथे हात टेकतात. त्या प्रश्नात मी सहा वर्षं घातली होती.

चूक अशी. दोन नावा लांब असतात तेव्हा कोणी आधी ठरवलं याला महत्त्व नसतं. माझं सुकाणू माझ्यापुरतं, त्याचं त्याच्यापुरतं. दोघांच्या परिणामांची नुसती बेरीज होते. पण जवळ आल्या की एकीच्या पाण्याचा धक्का दुसरीला बसतो, आणि मग दोन सुकाणूंच्या कोनांतला फरक, त्या फरकाचा वर्ग, असलं काहीतरी समीकरणात शिरतं. अरुंद गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली आणि एकाला दुसऱ्याची वाट अडवायचीच असली, तर जो आधी बाजूला सरकतो तो अडकतो, कारण दुसरा ते बघून त्याच बाजूला सरकतो. म्हणजे तिथे क्रमाला महत्त्व आहे. मी मात्र धरून चालले होते की नाही. त्यामुळे दोन नावांमध्ये राखायचं सुरक्षित अंतर मी कमी काढलं होतं. कागदावर माझी नाव वाचत होती, खऱ्या नदीत ती वाचली नसती.

ही चूक माझी एकटीची असती तर मी कपाळावर हात मारून दुरुस्तीला बसले असते. पण ती ओळ मी माझ्या गाइडच्या लेखातून घेतली होती. सरांचा तो तरुणपणीचा लेख, ज्यामुळे त्यांचं नाव झालं. त्यात त्या पायरीपाशी त्यांनी ‘हे उघडच आहे’ एवढंच लिहिलं होतं. मी बाळबोध, मला उघड दिसेना, म्हणून मी प्रबंधात मधल्या पायऱ्या लिहून काढल्या होत्या, पानभर. त्यातल्या एका पायरीवर मी सहा वर्षांत कितीदा नजर फिरवली असेल. ती पायरी खोटी आहे हे त्या सोमवारी दिसलं.

आणि वेळ उरला नव्हता. नवरा रेल्वेत, त्याच्या बदलीमुळे आम्ही पुण्याहून इथे बंगालमध्ये, गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आलो होतो आणि लग्नानंतर सोडून दिलेलं संशोधन मी चाळिशीच्या उंबरठ्यावर इथे पुन्हा धरलं होतं. माझ्यासाठी त्याने पुढची बदली दोनदा लांबवून घेतली होती. तिसऱ्यांदा कोणी ऐकलं नाही. पुढच्या महिन्यात त्याला बिलासपूरला हजर व्हायचं होतं. सर या महिनाअखेरीस निवृत्त होत होते. माझ्या नोंदणीला मिळालेली शेवटची मुदतवाढही महिनाअखेरीसच संपत होती. गुरुवारच्या सेमिनारमध्ये समितीने हो म्हटलं तर प्रबंध दाखल होणार. नाही म्हटलं तर सहा वर्षं पाण्यात. पुन्हा सेमिनार घ्यायला ना गाइड असणार होता ना मुदत.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा मी ओट्यावरची भांडी आपटत होते. माझा राग आधी भांड्यांवर निघतो, हे त्याला माहीत आहे. त्याने बूटही न काढता विचारलं, “माझ्यावर आहे की दुसऱ्या कोणावर?”

मी सगळं सांगितलं. त्याला गणितातलं निम्मं कळलं असेल, पण माणसांतलं सगळं कळलं. म्हणाला, “मग फोन कर आणि सांग त्यांना. चूक तर चूक.”

“इतकं सोपं आहे का?”

“फोन करायला काय अवघड आहे? तुझ्या फोनला चार्जिंग नाही का?”

मी त्याला म्हटलं, तुझ्या रेल्वेत साहेबाला चूक दाखवतोस का कधी. तो म्हणाला, “दाखवतो. आधी चहा पाजतो, मग दाखवतो.” आणि हसला. मला हसू आलं नाही. त्याला सर माहीत नव्हते.

सरांची एक रीत होती. दर मंगळवारी, संस्थेतल्या त्यांच्या खोलीत, मी फळ्यापाशी उभी राहायची आणि ते खुर्चीत. म्हणायचे, “तुमि आगे बोलो.” तू आधी बोल. मी एक ओळ लिहायची आणि मग ते प्रतिस्पर्धी व्हायचे. ते खरोखरच तसं म्हणायचे, की आज मी समोरची नाव आहे. माझी ओळ बघून, नीट विचार करून, ती जिथे कच्ची असेल नेमकी तिथे ते पाचर मारायचे. सहा वर्षांत त्यांनी एकदाही मला मागून खेळू दिलं नाही. कधी अर्धा फळा स्वतः उठून पुसून टाकायचे. मी बेहालाच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडत घरी आलेय, एकदा नाही, पुष्कळदा. पण माझं गणित त्यामुळेच पक्कं झालं, हेही खरं.

शिवाय एक गोष्ट आमच्या खोलीतल्या सगळ्या विद्यार्थ्यांना ठाऊक होती. म्हणजे ऐकीव होती. माझ्या आधीच्या एका विद्यार्थ्याने म्हणे असंच फळ्यापाशी सरांना तोंडावर सांगितलं होतं, की तुमचं हे चुकतंय. सर उठून गेले, आणि नंतर कित्येक महिने त्याचा कागद हातात घेतला नाही. तो शेवटी सोडून गेला. हे मला सांगणाऱ्याने तो विद्यार्थी पाहिला नव्हता. मीही कधी विचारलं नाही.

मी ठरवलं, मंगळवारच्या बैठकीत सांगायचं. रात्रभर वाक्यं जुळवली. मंगळवारी सकाळी सरांचा निरोप आला: आज बैठक नाही, तयारी कर.

सहा वर्षांत त्यांनी मंगळवार चुकवला नव्हता. तापात, संपात, रस्त्यात गुडघाभर पाणी असतानासुद्धा. आधी मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटली, पण सुटल्यासारखं वाटलं हे खरं. मग दुपारपर्यंत डोक्यात किडा वळवळायला लागला. आजच का? माझा प्रबंध त्यांच्याकडे आठवडाभर पडून होता. चौथं प्रकरण त्यांनी वाचलं असेल का? वाचलं असेल आणि दिसलं असेल, तर ते मला का टाळताहेत?

त्या दिवशी मी निदान एक शहाणपणाचं काम केलं. प्रकरण दुरुस्त होतं का ते पाहिलं. होत होतं. क्रमाची अदलाबदल सोडून द्यायची, मी आधी ठरवते आणि तो बघून ठरवतो असंच धरायचं, आणि जे अंतर निघेल ते निघेल. अंतर वाढलं. सिद्धता लांबली, देखणी राहिली नाही, पण खरी झाली. संध्याकाळी आठवीतली लेक मागे येऊन उभी राहिली आणि तिच्या बंगाली वळणाच्या मराठीत म्हणाली, “आई, तू आज खूप आनंदी की खूप राग आहेस?” तिला म्हटलं, दोन्ही. आता प्रश्न गणिताचा राहिला नव्हता. सरांचा लेख चुकीचा आहे हे सरांना कसं सांगायचं, एवढाच प्रश्न उरला होता.

बुधवारी दुपारी मी त्यांच्या घरी जायला निघाले. सर नदीपलीकडे हावड्याच्या बाजूला राहायचे. आमच्या घाटावरून लाँच घेतली. मध्ये आल्यावर समोरून वाळूने भरलेली एक होडी येत होती, पाण्याशी टेकलेली. आमच्या सारेंगने, म्हणजे लाँच चालवणाऱ्याने, खिडकीतून हात बाहेर काढून नुसता पंजा हलवला. होडीवरच्याने तसाच पंजा हलवला आणि दोघं एकमेकांना वाट देऊन निघून गेले. मी सहा वर्षं या नदीवर हेच बघत होते आणि प्रबंधात मात्र प्रत्येक होडीवाला माझ्या जिवावर उठलेला होता. तेव्हा मला याचं हसूच आलं. त्यातून काही शिकावं एवढं डोकं ताळ्यावर नव्हतं.

दार काकीमांनी उघडलं. सरांच्या पत्नीला आम्ही सगळे विद्यार्थी काकीमा म्हणायचो. आम्ही बोलायचो ती हिंदी, बांगला आणि इंग्रजीची खिचडी असायची. इथे मराठीतच लिहिते. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “बरं झालं आलीस. रविवारपासून हे असेच दार लावून बसलेत. जेवायलाही नीट येत नाहीत. बोलावू?”

जिन्यावरून सरांच्या खोलीची खिडकी दिसायची. ते टेबलाशी पाठमोरे बसले होते. टेबलावर माझा प्रबंध उघडा होता. पान कुठलं ते इतक्या लांबूनही मला कळलं, कारण पानभर नुसती समीकरणं असलेलं पान प्रबंधात ते एकच होतं. त्याच्यावर लाल शाईच्या खुणाच खुणा होत्या. शेजारी ते भराभर काहीतरी लिहीत होते, खोडत होते, पुन्हा लिहीत होते.

मी पायरीवरच थांबले. त्यांना दिसलंय, एवढं मला त्या क्षणी कळलं. त्यानंतर जे मला कळलं असं वाटलं, ते मी स्वतः रचलं. मी असा विचार केला: त्यांना चूक दिसली आहे. ती त्यांच्या लेखातली आहे. निवृत्तीला काही दिवस उरलेत. अशा माणसाने वाईटात वाईट काय करावं? चूक माझ्या अंगावर ढकलावी. पानभर पायऱ्या माझ्या आहेत; लेखात नुसतं ‘उघडच आहे’ असं लिहिलंय. सहज म्हणता येईल, की विद्यार्थिनीने घोळ केला. ते गुरुवारसाठी माझ्याविरुद्ध टिपणं काढताहेत.

आतून सरांचा आवाज आला, “के?” कोण आहे?

मी काकीमांना हातानेच नको म्हटलं, पुन्हा येते म्हणून पुटपुटले आणि जिना उतरून चालायला लागले. त्या दारातच उभ्या राहिल्या. पाठीमागे वळून बघायची मला हिंमत झाली नाही.

संध्याकाळी सरांचा फोन आला. “काकीमा म्हणाली तू येऊन गेलीस.”

“हो सर. तुम्ही कामात होता.”

“उद्या अर्धा तास आधी ये. माझ्या खोलीत. सेमिनारच्या आधी बोलायचं आहे.”

“कशाबद्दल, सर?”

“फोनवर नाही,” ते म्हणाले. “ये.”

नवरा समोर बसला होता. त्याने खुणेनेच विचारलं, सांगितलंस? मी मान हलवली, नाही. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, “अगं, आत्ता त्यांनी स्वतःहून फोन केला होता.” मी म्हटलं, तुला कळत नाही. मी त्यांना आधी काही सांगितलं तर रात्रभर ते त्यावर विचार करतील आणि सकाळी उत्तर घेऊन येतील. अर्धा तास आधी गेले तर ते म्हणतील, चौथं प्रकरण वगळ, किंवा चूक तुझी आहे असं म्हण, आणि मला त्यांच्या तोंडावर नाही म्हणता येणार नाही. त्यापेक्षा सगळ्यांसमोर एकदम मांडलं की त्यांना पुढची चाल करायला वेळच मिळणार नाही. नवरा ताटं मांडायला उठला. मग म्हणाला, “तू सरांबद्दल बोलतेयस की तुझ्या प्रबंधातल्या त्या होडीवाल्याबद्दल?” मी त्याच्याशी जेवताना बोलले नाही.

गुरुवारी मी वेळेच्या बरंच आधी पोहोचले आणि आत गेले नाही. संस्थेच्या फाटकासमोर चहाची टपरी होती, तिथल्या बाकावर बसून राहिले. अर्धा तास. भांड, म्हणजे मातीचा पेला, आला, चहा थंड झाला, दुसरा घेतला. फोन तीनदा वाजला. तिन्ही वेळा पडद्यावर सरांचं नाव होतं. मी फोन पालथा करून बाकावर ठेवला. मनात मला मी फार हुशारीने वागतेय असंच वाटत होतं, हे आज लिहायला कठीण जातं.

बरोबर ठरल्या वेळी मी सेमिनारच्या खोलीत शिरले. समितीचे लोक बसले होते, बाहेरून आलेले एक परीक्षक होते, आणि पहिल्या रांगेत कडेला सर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, वरच्या खिशात घडी केलेला कागद. माझ्याकडे त्यांनी पाहिलं ते रागाने नाही. तेव्हा मला ते पाहणं कसं होतं ते ओळखता आलं नाही. मी लॅपटॉप जोडत असताना ते उठून उभे राहिले आणि समितीला म्हणाले, “सुरू करण्याआधी मला दोन मिनिटं हवी आहेत.”

त्यांचा हात खिशाकडे गेला होता. आता बोलू दिलं तर संपलं, असं वाटलं.

“सर, मी सुरू करते,” मी म्हटलं. आवाज हवा त्यापेक्षा मोठा आला. “वेळ कमी आहे.”

गाइडला असं मध्येच तोडणं तिथे कोणी पाहिलं नव्हतं. सर क्षणभर तसेच उभे राहिले. मग हात खाली घेतला आणि बसले.

पहिली तीन प्रकरणं मी कशी सांगितली ते मला आठवत नाही. मग चौथ्यावर आले. मी ती ओळ पडद्यावर आणली आणि म्हटलं, “प्रबंधात हे विधान सिद्ध केलं आहे असं म्हटलंय. ते खोटं आहे.” मग उदाहरण दाखवलं. फार साधं होतं. दोन सुकाणू, त्यांच्या फरकाचा वर्ग. मी आधी ठरवलं तर एक उत्तर, त्याने आधी ठरवलं तर दुसरं. शाळेतल्या मुलाला पटावं असं. मी सांगितलं, की हे विधान ज्या लेखातून घेतलं त्यातही ते चुकीचंच आहे, आणि लेखाचं नाव वाचलं. लेखकाचं नाव वाचायची गरज नव्हती. सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. मी वळवली नाही. दुरुस्त सिद्धता मांडली, वाढलेलं अंतर सांगितलं, आणि थांबले.

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. ते पडद्याकडे बघत होते, मग सरांकडे वळले. “प्रोफेसर, तुम्हाला हे माहीत होतं?”

मी तेव्हा सरांकडे पाहिलं. ते पडद्यावरच्या त्या दोन ओळी वाचत होते. वरच्या खिशातल्या कागदाची कड बाहेर आली होती, ती त्यांनी बोटाने आत ढकलली.

“नाही,” ते म्हणाले. “आत्ता हिच्याकडून कळलं. लेखातली चूक माझी आहे. हिचं बरोबर आहे.”

पुढचा अर्धा तास प्रश्नांचा गेला. शेवटी समितीने हो म्हटलं, चौथं प्रकरण नव्याने लिहून आठवडाभरात दाखल करायचं, या अटीवर. परीक्षकांनी जाताना माझं अभिनंदन केलं. म्हणाले, स्वतःच्या गाइडची चूक जाहीरपणे दाखवायला धैर्य लागतं. सरांनी माझा फॉर्म मागितला, भिंतीला टेकवून सही केली आणि परत दिला. मी आभार मानले. त्यांनी मान हलवली आणि ते जिन्याकडे गेले. सावकाश, कठड्याला धरून. मला वाटलं, हरलेला माणूस असाच चालतो. आणि खरं सांगते, मला त्या वेळी आनंद झाला होता.

संध्याकाळी मी सामानाच्या खोक्यांवर नावं लिहीत होते. बिलासपूरची तयारी. फोन वाजला, काकीमा होत्या.

“झालं ना सगळं नीट?” त्यांनी विचारलं. “हे आल्यापासून काही सांगत नाहीत. पत्र वाचलं का त्यांनी?”

“कुठलं पत्र, काकीमा?”

“अगं, ते नाही का, चार दिवस लिहीत होते. त्या मासिकाला पाठवायचं. त्यांच्या जुन्या लेखात चूक आहे म्हणून. तुझ्या प्रबंधातलं ते पान त्यांनी मला दाखवलं, म्हणाले, ही मुलगी एकेक पायरी लिहून काढते म्हणून मला आज दिसलं, नाहीतर मी मरेपर्यंत ‘उघड आहे’ म्हणत बसलो असतो. तसंच लिहिलंय पत्रात. तुझ्या नावानिशी. म्हणाले, गुरुवारी ती बोलायच्या आधी मी उठून वाचून दाखवणार, म्हणजे तिच्यावर कोणी बोट ठेवणार नाही. आधी तिला खोलीत बोलावून सांगतो, ती घाबरट आहे.”

मी खोक्यावरच बसले. मार्करचं टोपण लावायचं राहिलं आणि साडीला शाई लागली. काकीमा पलीकडून विचारत होत्या, “वाचलं ना?”

“नाही, काकीमा,” मी म्हटलं. “मी वाचू दिलं नाही.”

मी म्हटलं, सरांना फोन द्या. चपलांचा आवाज आला, दार वाजलं, काहीतरी बोलणं झालं. मग सर आले.

“सर, तुम्हाला माहीत होतं. रविवारपासून. मग तिथे तुम्ही ‘नाही’ असं का म्हणालात?”

“ते विचारत होते मला माहीत होतं का,” सर म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता, फळ्यापाशी असायचा तसा. “हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न तुला आला असता. गाइडला माहीत होतं आणि तुलाही माहीत होतं, मग तू त्यांना आधी का सांगितलं नाहीस? तुझ्याकडे उत्तर होतं?”

नवरा दारात येऊन उभा राहिला होता. मी त्याच्याकडे पाठ केली.

“होतं, सर,” मी म्हटलं. “मला तुमची भीती वाटली. मला वाटलं तुम्ही माझ्यावर ढकलाल.”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“तेच,” ते म्हणाले. “ते मला सगळ्यांसमोर ऐकायचं नव्हतं.”